हात मोकळे, डोकं गुंतलेलं
शनिवारी सकाळी वडखळ सोडून गाड्या अलिबागकडे वळल्या, की बंद काचांआड एकट्यानेच हातवारे करणारे चालक दिसू लागतात. ब्लूटूथवर मुंबईचं ऑफिस चालू असतं. कायद्याचा त्यांना आधार आहे. 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम 184मध्ये गुन्हा ठरला तो हातातल्या फोनचा. पण गुंततं ते डोकं, हात नव्हे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी 2001मध्ये प्रयोगातून दाखवलं, की फोन हातात असो वा नसो, बोलणारा सिग्नल तितकेच चुकवतो आणि ब्रेकही उशिराच दाबतो. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. कार्ले खिंडीत समोर एसटी आली तर एवढा उशीर पुरतो. ‘मग शेजारच्याशीही बोलू नये का?’ खुशाल बोलावं. त्याला रस्ता दिसतो, वळणावर तो आपसूक गप्प होतो. मागच्या सीटवरची आत्या तर थेट देवाचं नाव घेते. फोनवरच्या साहेबाला ना खिंड दिसते ना एसटी, त्याला आकडा आत्ताच्या आत्ता हवा असतो. म्हणून बंदी ब्लूटूथवरच्या बोलण्यावरही हवी. अगदीच तातडीचं असेल तर पोयनाडला गाडी बाजूला घ्यावी आणि हवं तेवढं बोलावं, तिथे चहाही मिळतो.