चाकांवरचा संसार : ट्रकचं इंजिन निवडताना



गेल्या अंकातलं आमच्या आर्चेसच्या सहलीचं वर्णन वाचून बऱ्याच जणांचे फोन आले. सहल आवडल्याचं दोन वाक्यांत आटोपून प्रत्येकजण मुद्द्यावर येई : "ट्रक कुठला घेतलात? इंजिन कुठलं? व्ही-८ की टर्बो? गॅस की डिझेल?" डेन्व्हरच्या आसपास राहणारी आपली निदान चार-पाच कुटुंबं यंदा ट्रेलर घ्यायच्या विचारात आहेत असं दिसतं. फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा या वेळचं सदर त्यालाच दिलेलं बरं.

पण त्याआधी एक कबुलीजबाब. हे सगळं शहाणपण आम्हाला पहिल्या ट्रकने शिकवलं, आणि फी चांगली घसघशीत घेतली. गेल्या अंकात ती गोष्ट आम्ही चलाखीने गाळली होती!

तर झालं असं. तीन वर्षांपूर्वी आजी सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. मोटेलचे जिने नकोत, दर तासाला रेस्टरूम शोधत फिरणं नको, आणि सकाळचा चहा आपल्या हातचा हवा. या सगळ्यावर उपाय म्हणून आम्ही सव्वीस फुटी ट्रेलर घेतला. दारात एक हाफ-टन पिकअप होताच. होम डेपोतून लाकूड आणायला आणि मंडळाच्या गणपतीचा मखर हलवायला तो छान चालायचा. व्ही-६ इंजिन, २८५ हॉर्सपॉवर. ट्रेलर विकणारा म्हणाला, "तुमचा ट्रक साडेसात हजार पौंड ओढतो, ट्रेलर आहे एकोणसाठशेचा. घ्या बिनधास्त!" आम्ही बिनधास्त घेतला.

डेन्व्हरहून आय-७० ने पश्चिमेला निघालं की आयसेनहॉवर बोगद्यापर्यंत चढच चढ. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, बोगदा ११,००० फुटांच्या वर. शेवटच्या चढणीला ट्रक चाळीसच्या वर जाईना. इंजिन केकाटतंय, उजव्या लेनमध्ये दिवे लुकलुकवत आम्ही चाललोय, आणि भलेमोठे अठरा चाकी ट्रकसुद्धा हॉर्न देऊन पुढे जातायत. मुलांना गंमत वाटत होती. आम्ही दोघं मात्र एकमेकांकडे न बघता घाम पुसत होतो.

चढ संपला तेव्हा हायसं वाटलं. ते चुकलंच. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार आहे, दोन हजार फूट खाली. निम्म्या वाटेवर ब्रेकचा जळका वास आला. आणखी एका मैलावर पेडल मऊ लागायला लागलं. ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी वाळूचा रॅम्प असतो ना, त्याची पाटी दिसली तेव्हा तिच्याकडे आम्ही ज्या नजरेने बघितलं, ती आठवण आजही नको वाटते. नशिबाने रुंद खांदा मिळाला आणि थांबलो. चाकांतून धूर येत होता. मागच्या सीटवर आजी जपमाळ धरून बसल्या होत्या. एक शब्द बोलल्या नव्हत्या.

अर्ध्या तासाने चहा झाल्यावर नातवंडांना म्हणाल्या, "तुमचे आजोबा एस.टी.वर होते. पसरणीचा घाट रोजचा. ते म्हणायचे, गाडी चढते का ते पॅसिंजर बघतं. उतरते का ते ड्रायव्हरने बघायचं."

त्या हिवाळ्यात आम्ही अभ्यासाला बसलो. सुरुवात केली ती इंजिनापासून नव्हे, वजनापासून. लव्हज्सारख्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. थोड्या डॉलर्समध्ये प्रत्येक ॲक्सलचं वजन छापून मिळतं. आमचा 'एकोणसाठशेचा' ट्रेलर सामानासकट भरला ७,२०० पौंड! एकोणसाठशे हे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात पाणी नाही, गॅसचे सिलिंडर नाहीत, कुकर, पोळपाट, वीस पौंडी कणकेची पिशवी, गाद्या-पांघरुणं, काही नाही. पाण्याचंच बघा : गॅलनला सव्वाआठ पौंडांहून थोडं जास्त. चाळीस गॅलनची टाकी भरली की तीनशे तेहेतीस पौंड वाढले.

आता ट्रककडे या. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाऊ नये, तो आकडा त्यावर असतो. याला पेलोड म्हणतात. आमच्या ट्रकचा आकडा होता १,४३०. आणि आमचा हिशेब असा :

ट्रेलरच्या दांडीचा ट्रकवर पडणारा भार ९४० पौंड. वजन वाटून देणारा हिच ९० पौंड. आजी, आम्ही दोघं आणि दोन मुलं मिळून ७२०. मागच्या हौद्यात जनरेटर, कूलर, सायकली २००. एकूण १,९५० पौंड. म्हणजे ट्रक पाचशेवीस पौंडांनी जादा लादलेला, आणि आम्ही मात्र साडेसात हजारांच्या आत आहोत म्हणून खुशीत!

मग जाहिरातीतला आकडा खोटा का? खोटा नाही. ओढण्याचं वजन ठरवायला एसएई जे२८०७ नावाचं प्रमाण आहे. त्यात हाफ-टन ट्रकमध्ये ड्रायव्हर आणि एक प्रवासी धरतात, प्रत्येकी दीडशे पौंडांचे. आजी नाहीत, मुलं नाहीत, सायकली नाहीत. आपली माणसं कधी अशी दोघंच निघतात का?

दांडीवरच्या भाराबद्दल दोन शब्द. तो ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. ज्यांनी लहानपणी बैलगाडी भरताना पाहिली आहे त्यांना समजवावं लागणार नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैल घाबरतात. ट्रेलरचं तेच. मागे जड झाला की हायवेवर शेपूट हलवायला लागतो, आणि मग पुढे चारशे हॉर्सपॉवर असली तरी उपयोग नाही. जास्त भार दांडीवर आला तर ट्रकचं ढुंगण बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागतं.

वजनाचा हिशेब झाल्यावर मगच इंजिन.

हॉर्सपॉवर आणि टॉर्क यांवरून आपल्या मंडळींत बरेच वाद होतात. आमची समजूत अशी : मोटेचा बैल आणि शर्यतीचा बैल दोघंही ताकदवान, पण मोटेचा बैल पहिल्याच पावलाला जोर लावतो. टॉर्क म्हणजे तो जोर. टॉर्क कमी आरपीएमला मिळाला तर इंजिन शांतपणे ओढतं. पण चढ किती वेगाने चढाल हे शेवटी हॉर्सपॉवर ठरवते. आमचा ट्रक-ट्रेलर मिळून साडेतेरा हजार पौंड. सहा टक्क्यांच्या चढावर ताशी साठ मैल जायचं तर नुसतं ते वजन वर न्यायलाच सुमारे १३० हॉर्सपॉवर लागते. वारा आणि चाकांचं घर्षण त्याच्यावर. ट्रेलर म्हणजे हवेत उभी धरलेली भिंतच.

त्यात आपण राहतो कोलोरॅडोत. साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के कमी होते. अकरा हजार फुटांवर एक तृतीयांश गेली. आमच्या २८५ चे तिथे जेमतेम १९० राहिले होते. टर्बो इंजिन हवा दाबून आत घेतं, म्हणून त्याचं नुकसान बरंच कमी. समुद्रकिनारी राहणाऱ्यांना हा मुद्दा फारसा नाही; आपल्याला आहे.

आता बाजारात काय मिळतं? २०२४ च्या फोर्ड एफ-१५० मध्ये ३.५ लिटर इकोबूस्ट टर्बो व्ही-६ ला ४०० हॉर्सपॉवर आणि ५०० पौंड-फूट टॉर्क. ५ लिटर व्ही-८ ला तेवढीच ४०० हॉर्सपॉवर, पण टॉर्क ४१०. डोंगरात ओढायला या दोघांत टर्बो सरस. शेवरले सिल्व्हराडोतलं ३ लिटर ड्युरामॅक्स डिझेल २०२३ पासून ३०५ हॉर्सपॉवर आणि ४९५ टॉर्कचं. चढावर ते टर्बो गॅस इंजिनाइतकं पळत नाही, पण सपाट रस्त्यावर तेल कमी पितं. तिन्ही इंजिनं उत्तम. पण आम्ही डीलरांकडे दारं उघडून स्टिकर वाचत फिरलो तेव्हा आम्हाला परवडणाऱ्या हाफ-टनांत बहुतेक ठिकाणी पंधराशे-सोळाशेच आकडा दिसला. काचेचं छप्पर, चामड्याच्या सीटा, मोठी चाकं, जितका थाट जास्त तितकं पेलोड कमी. तोच ट्रक, तेच इंजिन, आणि दोन स्टिकरांत चारशे पौंडांचा फरक आम्ही एकाच आवारात पाहिला. आम्हाला हवे होते किमान १,९५०. म्हणजे थ्री-क्वार्टर टन.

तिथे प्रश्न गॅस की डिझेल. शेजारचे एक आजोबा जन्मभर ट्रक चालवलेले. त्यांचं मत ठाम, डिझेल! कारण उतारावरचा एक्झॉस्ट ब्रेक. बटण दाबलं की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं, पायाने ब्रेक क्वचित लागतो. हा फायदा खरा आहे, आणि दहा-बारा हजार पौंडांचा ट्रेलर असेल तर आम्हीही डिझेलच सांगू. पण डिझेलसाठी दहा हजार डॉलर्सच्या आसपास जास्त मोजावे लागतात. ते इंजिन जड असल्यामुळे पेलोड उलट घटतं. शिवाय डीईएफ भरा, फिल्टर सांभाळा. आमचं ऑफिस बारा मैलांवर. इतक्या छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही आणि काजळीचा फिल्टर तुंबायला लागतो. वर्षातले तीनेक आठवडे ट्रेलर आणि बाकी वर्षभर ऑफिस-ग्रोसरी-बालशाळा, अशांना डिझेल पोसणं जड जातं.

शेवटी आम्ही सेकंडहॅंड सिल्व्हराडो २५०० एचडी घेतला, २०२४ चा. ६.६ लिटरचं गॅस व्ही-८, ४०१ हॉर्सपॉवर, ४६४ टॉर्क, दहा गिअर. टर्बो नाही, म्हणून बोगद्यापाशी २७० च्या आसपास उरतात. पण तेवढ्यात काम होतं. मोठं इंजिन असल्यामुळे खालच्या गिअरमध्ये टाकलं की उतारावर ते बऱ्यापैकी धरून ठेवतं. स्टिकरवरचा आकडा तीन हजारांच्या वर.

तोटेही सांगतो, नाहीतर म्हणाल जाहिरात करतायत. रिकामा असताना हा ट्रक बैलगाडीसारखा उडतो. ट्रेलर लावला की गॅलनला नऊ मैल. मंडळाच्या कार्यक्रमाला पार्किंगमध्ये दोन जागा अडतात आणि लोक बघतात. आणि ज्यांच्या गुडघ्यांसाठी हा सगळा उपद्व्याप, त्या आजींना चढायला लाकडी पाट लागतो! "विमानात चढणं सोपं," असं त्यांचं मत आहे.

गेल्या उन्हाळ्यात आजी पुन्हा आल्या आणि आम्ही त्याच वाटेने निघालो. आधी वजनकाट्यावर गेलो. सगळे ॲक्सल मर्यादेत. चढावर इंजिन चांगलंच गरजलं, पण पन्नास-पंचावन्नचा वेग टिकला. बोगद्यातून बाहेर पडायच्या आधीच टो-हॉल मोड लावला, वेग चाळीसवर आणला, खालचा गिअर धरला. ज्या गिअरात घाट चढाल त्याच गिअरात उतरा, हे एस.टी.च्या ड्रायव्हरांचं सूत्र अजून तितकंच खरं आहे. वेग वाढला की ब्रेक एकदा नीट दाबायचा, मग सोडायचा; सारखा पाय ठेवून ब्रेक तापवायचे नाहीत. सिल्व्हरथॉर्नला थांबून चाकांजवळ हात नेला. कोमट.

मुलगी मागे वळून म्हणाली, "आजी, घाट संपला!" उत्तर नाही. आजी गाढ झोपल्या होत्या. जपमाळ पर्समध्येच होती.

तेव्हा मंडळी, फोन करण्यापूर्वी तीन आकडे हाताशी ठेवा : भरलेल्या ट्रेलरचं काट्यावरचं वजन, घरच्या सगळ्या माणसांचं वजन (इथे कुणी लाजू नये!) आणि तुम्ही बघत असलेल्या ट्रकच्या दारावरचा आकडा. हे तीन सांगितलेत की इंजिनाचं आपण पाच मिनिटांत ठरवू. ट्रेलर चार हजारांच्या आत आणि घरात तिघंच असतील तर साधा हाफ-टन पुरे. उगाच आमच्यासारखा राक्षस दारात बांधू नका.

पुढच्या अंकात दोन शेगड्यांवर पाच जणांचा स्वयंपाक. तोवर, गाडी सावकाश हाका.