जुना प्रिंटर टाकू नका, घरभर वापरा

कॅननचा एलबीपी २९०० किंवा एचपीचा लेझरजेट १०२० अजून कितीतरी घरांत ठणठणीत चालतो. त्याला वाय-फाय नाही, फक्त यूएसबी केबल. त्यामुळे ज्या लॅपटॉपला केबल लावलेली, तेवढ्याचाच तो होऊन बसतो. बाकीच्यांनी पेन ड्राइव्ह घेऊन फिरायचं, नाहीतर आधार कार्डाची पीडीएफ झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर टाकायची. मला खरी काळजी या दुसऱ्या सवयीची वाटते. दुकानदार कितीही भला असला तरी आपली फाइल त्याच्या मोबाइलमध्ये मागे राहते. म्हणून विनंती करते : रविवारचा एक तास काढा आणि हा प्रिंटर सगळ्या घराला जोडून द्या.

प्रिंटर जोडलेल्या लॅपटॉपवर सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ उघडा, प्रिंटर निवडा, ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधल्या ‘शेअरिंग’वर जा आणि ‘शेअर धिस प्रिंटर’वर खूण करा. नाव छोटं, स्पेस न सोडता द्या. मग घरचं वाय-फाय ‘प्रायव्हेट’ करा आणि त्याच्यासाठी ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. विंडोज ११ नवं वाय-फाय सहसा ‘पब्लिक’ धरतं आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. हे फक्त घरच्या वाय-फायसाठी करा. हॉस्टेल, स्टेशन, हॉटेलचं वाय-फाय ‘पब्लिक’च राहू द्या.

दुसरा लॅपटॉप त्याच वाय-फायवर हवा. राउटरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क असेल तर त्यावरून प्रिंटर बहुधा दिसणारच नाही. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, दोन उलट्या तिरक्या रेघांपुढे पहिल्या लॅपटॉपचं नाव लिहा आणि एंटर करा. दिसलेल्या प्रिंटरवर दोनदा क्लिक केलं की तो जोडला जातो. ड्रायव्हर उतरवताना अॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागू शकते.

इथे युजरनेम आणि पासवर्ड विचारला, तर तो पहिल्या लॅपटॉपच्या खात्याचा द्यायचा. रोज टाकता तो चार आकडी पिन चालत नाही, कारण पिन त्या एकाच यंत्रापुरता असतो. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर ईमेल आणि त्या खात्याचा पासवर्ड टाका.

एवढं करूनही जमलं नाही की कुणीतरी सांगतं, फायरवॉल बंद करा, पासवर्ड काढून टाका. कृपा करून ऐकू नका. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई सेवेत ‘प्रिंटनाइटमेअर’ ही त्रुटी सापडली होती. तिच्यातून नेटवर्कवरच्या हल्लेखोराला लॅपटॉपचा पूर्ण ताबा घेता येत होता. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने छपाईचे नियम कडक केले. जुने अपडेट असलेला लॅपटॉप नव्याशी जुळत नाही, तो बऱ्याचदा त्यामुळेच. दोन्ही लॅपटॉप अपडेट करा आणि मग पुन्हा जोडून पाहा.

आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पहिला लॅपटॉप बंद असला किंवा झोपला, तर छपाई होत नाही. तो चार्जरला लावून ठेवा, पॉवर सेटिंगमध्ये चार्जिंगवर असताना ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ करा आणि झाकण मिटल्यावर ‘डू नथिंग’ निवडा. मोबाइलवर मात्र असा शेअर केलेला प्रिंटर सहसा थेट दिसत नाही. फाइल घरच्याच एखाद्या लॅपटॉपवर घ्या आणि तिथून छापा.