खिशातील दप्तर

पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवीत. कारकून बदलला तरी रुमाल कचेरीतच राही. आज दप्तर कर्मचाऱ्याच्या खिशात आले आहे आणि त्याच्याबरोबरच ते निघूनही जाते, ही खरी अडचण होय.

रायपूरमधील एखादी अंगणवाडी घ्या. सेविका बालकाचे वजन करून ते २०२१ साली सुरू झालेल्या ‘पोषण ट्रॅकर’वर नोंदविते. ही नोंद मध्यवर्ती संगणकात साठते; पुढे फोन फुटला तरी ती शाबूत असते. परंतु धान्य आले नसल्याची तक्रार तिने संदेशांच्या गटावर कळविली, तर तिचे काय? सांकेतिक रूपात जाणारा असा संदेश पोचल्यावर सामान्यतः पाठविणाऱ्याच्या व घेणाऱ्यांच्या फोनमध्येच उरतो. सोबतच्या छायाचित्रातील वेळ व स्थळ यांची दडलेली माहितीही वाटेत बहुधा गळून पडते. उद्या जाब विचारला गेला, तर जिने वेळीच कळविले तिच्याच हाती पुरावा नाही!

माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा संगणकाने वा अन्य उपकरणाने निर्माण केलेल्या साहित्यासही ‘अभिलेख’ मानतो. तेव्हा ‘तो माझा स्वतःचा फोन’ ही सबब वरिष्ठांना पुरावयाची नाही. मात्र तेवढ्यासाठी सेविकेचा सारा फोन धुंडाळणे गैरच. त्यात तिचे घरही असते. आलेला संदेश त्याच दिवशी, दिनांक व प्रेषकाच्या नावासह, नस्तीत उतरविणे हे कचेरीचे काम आहे, सेविकेचे नव्हे.