हेतूची नोंद पहिल्या फिर्यादीतच हवी

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी गावी जमावाने एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची हत्या केली. त्या खटल्यात भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी ठरवून सहांना फाशी सुनावली, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम लागू केले नाही, आणि पुढे २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करताना, हे कृत्य जातिद्वेषाने नव्हे तर सूडबुद्धीने घडले, असेच मानले.

सूड नव्हता, असे कोणीच म्हणत नाही. त्या माउलीने मारहाणीच्या एका प्रकरणात साक्ष दिली होती. परंतु तोच राग गावातील एखाद्या प्रबळ घराण्यावर असता तर लेकराबाळांसह सारे घर नामशेष करण्याची कोणाची छाती झाली असती काय? हा प्रश्न विचारण्यास १९८९ च्या त्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात फारशी जागाच नव्हती, कारण गुन्हा जातीच्या कारणावरूनच घडला हे सिद्ध करणे भाग असे, आणि शेताच्या बांधाचे वा जुन्या वैराचे निमित्त पुढे आले की जात मागे सरे. संसदेने २०१५ च्या दुरुस्तीने ती अट सैल केली. पीडिताची जात आरोपीस ठाऊक होती, एवढे गंभीर गुन्ह्यांत आता पुरते.

असे असता, १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये, वंश, जात, भाषा, वैयक्तिक श्रद्धा इत्यादी कारणांवरून पाच वा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाला कठोर शिक्षा सांगताना, तीच जुनी अट पुन्हा यावी आणि धर्माचा नामनिर्देशही नसावा, हे खेदजनक आहे. चौघांनी केलेला खून त्यात बसत नाही; नाव विचारून जाळलेले दुकान तर नाहीच नाही.

मनातील भावनेला शिक्षा कशी करावी, असा आक्षेप घेतला जातो. परंतु खून आणि हयगयीने घडलेला मृत्यू यांत फरक करताना फौजदारी कायदा मनच तोलत असतो. खरी उणीव पोलीस ठाण्यात आहे. हल्लेखोर काय ओरडत होते, मारण्यापूर्वी त्यांनी नाव विचारले काय, हे अंमलदार पहिल्या फिर्यादीत लिहीत नाही, आणि वर्षांनी साक्षीदार ते सांगू लागला की बचावाचे वकील म्हणतात, हे मागाहून सुचलेले आहे. म्हणून अशा फिर्यादीत हेतूविषयीचे प्रश्न सक्तीचे असावेत, आणि अत्याचाराच्या गुन्ह्यांप्रमाणेच तपास उपअधीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे नसावा. खोट्या तक्रारींचे भय वाटणाऱ्यांनाही याहून चांगली हमी कोणती?

सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा मंजूर करणाऱ्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने द्वेषमूलक गुन्ह्यांविषयीचा मसुदाही येत्या अधिवेशनात मांडावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.