शेपूट वाकडे असू दे

(द्वितीय वर्ष कला)

'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. पुष्कळांनी ती स्वतःला उद्देशूनही ऐकली असेल! मी तर घरी आणि शाळेत, दोन्हीकडे ऐकली. परंतु एका कुत्र्याच्या सहवासात वर्षभर राहून माझे असे मत झाले आहे की, या म्हणीत शेपटाला नाहक दोष दिला आहे. नळी धरणाऱ्या हाताला कोणी काही विचारीत नाही.

आमचे घर धुळ्याला, मुंबई-आग्रा रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. दोन वर्षांपूर्वी आमचा मोती या रस्त्यावर मालट्रकखाली सापडला. पलीकडे उभ्या असलेल्या माझ्या धाकट्या भावाकडे तो धावत निघाला होता. मी 'थांब, थांब' म्हणून ओरडलो. पण 'थांब' म्हणजे काय, हे आम्ही त्याला कधी शिकवलेच नव्हते.

त्यानंतर राजा आला. गल्लीतलेच पिल्लू, पण पायाला भिंगरी! वडिलांनी छडी हाती घेतली. छडी दिसली की राजा पोट टेकून पडे आणि वडिलांची पाठ वळली की पसार होई. आम्हाला वाटे, शिकला. तो एवढेच शिकला होता की, छडी असते तेव्हा पडायचे. त्यात आणखी गंमत अशी की, वडील म्हणत 'बस', आजी अहिराणीत म्हणे 'बठ', आणि इंग्रजी शाळेतला भाऊ म्हणे 'सिट'. तीन भाषांचे ओझे त्या बिचाऱ्याने कसे पेलावे?

शेवटी मी छडी माळ्यावर टाकली आणि शब्द ठरवून टाकले: 'झोप', 'थांब' आणि सुटका करताना 'चल'. खानदेशातले ऊन लक्षात घेऊन पहाटेची वेळ धरली. आधी त्याला मनसोक्त पळवून आणायचे, मग पाचच मिनिटे शिकवणी. भाकरीचा तुकडा त्याच्या नाकापासून सरळ खाली, दोन पायांच्या मध्ये न्यायचा. नाकामागे मान जाते, मानेमागे कोपरे टेकतात. टेकले की तत्क्षणी तुकडा द्यायचा. मग तीन मोजेपर्यंत थांबवायचे, मग दहा. पुढे मी एक पाऊल मागे सरू लागलो. मात्र बक्षीस द्यायला आपणच परत त्याच्याजवळ जायचे. त्याला बोलावून दिले तर उठण्याचेच बक्षीस होते! मध्येच उठला तर रागवायचे नाही. मुकाट्याने जागेवर आणून मोजणी कमी करायची. वेळ, अंतर आणि आजूबाजूचा गलका, या तिन्ही गोष्टी एकदम वाढवायच्या नाहीत.

मानसशास्त्राच्या तासाला आपण थॉर्नडाइक शिकतो. मांजरांवरचे त्याचे प्रयोग १८९८ साली प्रसिद्ध झाले. ज्या कृतीनंतर समाधान मिळते ती पुन्हा घडते, हा त्याचा 'परिणामाचा नियम' मी परीक्षेपुरता पाठ केला होता. तो कळला राजामुळे.

स्थिर राहणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या 'झंजीर' या कुत्र्याने मोठा स्फोटक साठा हुडकून काढला. स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्यांना वास लागताच न उकरता गप्प बसायला शिकवतात, कारण तेथे एक पंजा मारणेही जिवावर बेतू शकते. भीतीने बसलेला कुत्रा अशा वेळी काय कामाचा?

आता थोडे आपल्याविषयी. वर्गात सर आले की आपणही चिडीचूप होतो आणि सरांनी फळ्याकडे तोंड केले की कागदी बाण सुटतात. याला शिस्त म्हणायचे, की छडी कोठे आहे त्याचे ज्ञान? गुरुजनांनी रागावू नये. मागच्या बाकावरच्या चुळबुळ्या मुलालाही एखादा तुकडा लागतो. तो शाबासकीच्या एका शब्दाचाही चालतो, पण वेळेवर मिळाला पाहिजे.

परवा फाटक उघडे राहिले. रस्त्यापलीकडे भाऊ उभा होता. राजा झेपावणार एवढ्यात मी म्हणालो, 'थांब.' ओरडावे लागले नाही. तो जागीच बसला. मी चालत त्याच्याजवळ गेलो, त्याच्या गळ्यात साखळी अडकवली आणि खिशातला तुकडा दिला.

शेपूट हलतच होते. आणि होते तसेच, वाकडे!