जिवाणूंचे भांडवल आणि आपली उधळपट्टी

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने जिवाणूंविषयी लिहावे, हा कोणास आगाऊपणा वाटेल. परंतु ज्या संपत्तीची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही, तिचीच उधळपट्टी सर्वांत सहज होते. आणि अशा संपत्तीची आठवण करून देणे हे तर अर्थशास्त्राचेच काम होय. बॅसिलस कुळातील जिवाणू ही अशीच एक संपत्ती आहे.

१८७२ साली ब्रेस्लाऊच्या फर्डिनांड कोहन या वनस्पतिशास्त्रज्ञाने काडीसारख्या दिसणाऱ्या जिवाणूंना बॅसिलस हे नाव दिले. अन्नपाणी आटले की हे जिवाणू कठीण कवचाचा बीजाणू होऊन निद्रिस्त राहतात, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत आणि अनुकूल काळ येताच पुन्हा जागे होतात. काडीसारखा आकार आणि बीजाणू एवढ्या लक्षणांवर पुढे शतकभर नाना प्रकारचे जिवाणू या एकाच नावाखाली कोंबण्यात आले. त्यांची खरी विविधता ध्यानात आल्यावर १९९३ साली पीनिबॅसिलस आणि २००१ साली उष्णताप्रिय जिओबॅसिलस अशी घरे वेगळी मांडावी लागली.

या गोतावळ्याने माणसाची किती कामे अंगावर घेतली आहेत! सिक्कीममधील किनेमा आणि नागालँडमधील आखुनी हे सोयाबीनचे पदार्थ बॅसिलसच आंबवितो. धुलाईच्या पावडरीत कपड्यांवरचे डाग काढणारी विकरे त्याचीच. जखमेवरच्या मलमातील बॅसिट्रॅसिन आणि पॉलिमिक्सिन ही प्रतिजैविके याच गोतावळ्यातून मिळाली. शस्त्रक्रियेची हत्यारे खरोखर निर्जंतुक झाली की नाही, हे जिओबॅसिलसचे चिवट बीजाणू मेले की नाही यावरून ताडतात. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात १९७६ साली सापडलेला एक प्रकार डासांच्या अळ्या मारतो. शिळ्या भाताने होणारी विषबाधा आणि गुराढोरांचा काळपुळी रोग हेही याच कुळाचे प्रताप, हे खरे. परंतु कुळात एखादा दुष्ट निघाला म्हणून कोणी सारे कूळ टाकीत नाही.

या कुळातील बॅसिलस थुरिंजेन्सिस, अर्थात बीटी, महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. बीजाणू तयार करताना तो प्रथिनाचे स्फटिक बनवितो. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळते, आतड्याच्या भित्तीला छिद्रे पाडते आणि अळी मरते. मनुष्याच्या पोटात हे घडत नाही. या प्रथिनाचे जनुक घातलेल्या कपाशीस मार्च २००२ मध्ये भारतात परवानगी मिळाली. २००६ साली दोन प्रथिनांचे वाण आले. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या प्रारंभी घटल्या आणि पाहता पाहता देशातील बहुतेक कपाशी बीटी झाली.

परंतु जे एकेकट्या शेतकऱ्याच्या हिताचे, ते सर्वांच्या हिताचे असतेच असे नाही. ज्या किडीला हे प्रथिन बाधते, तिची ती दुर्बलता ही गावाच्या गायरानासारखी सामाईक ठेव असते. ती टिकावी म्हणून शेताच्या कडेने बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावण्याचा नियम होता. बियाण्याच्या पाकिटासोबत तशी वेगळी पुडीही दिली जात असे. त्या ओळींत वाढलेल्या साध्या पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर व्हावा, हा हेतू. पण दोन-चार एकरांच्या धन्याने शेजाऱ्याच्या भल्यासाठी आपली कड अळीला का अर्पण करावी? बहुतेक ठिकाणी ती पुडी पेरलीच गेली नाही. त्यात वेचणीनंतरही पऱ्हाटी उभी ठेवून फरदड घेण्याची सवय. म्हणजे गुलाबी बोंडअळीला बारमाही अन्नछत्र.

परिणाम ठरलेलाच होता. २०१० साली गुजरातेत या अळीने पहिल्या प्रथिनाला दाद न दिल्याचे उघड झाले. पुढे दुसरेही निष्प्रभ ठरले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात कपाशीची बोंडे किडली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. वर्गात कपाशीचा भाव शिकविताना समोर बसलेली वऱ्हाडातली मुले त्या वर्षी खाली मान घालून बसत, हे मी विसरू शकत नाही.

हे सारे अटळ होते काय? मुळीच नव्हे. अमेरिकेने तीच बीटी कपाशी, प्रथम सक्तीच्या बिगर-बीटी ओळी आणि नंतर वंध्य केलेल्या पतंगांची मोहीम यांच्या जोरावर २०१८ साली गुलाबी बोंडअळीचे देशातून निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. जिवाणू तोच, प्रथिन तेच; फरक होता तो व्यवस्थेचा. तेथील शेतकरी अधिक परोपकारी होता असे नव्हे. सामाईक ठेव राखण्याचा भार तेथे एकट्याच्या सद्बुद्धीवर सोडला नव्हता.

म्हणून बियाण्याच्या पाकिटाची किंमत ठरवून शासनाने हात झटकू नयेत. बिगर-बीटी ओळींतील नुकसान भरून देणे, कमी मुदतीचे वाण, गावभर एकाच वेळी पऱ्हाटी काढणे, कामगंध सापळे ही कामे शेतागणिक नव्हे, तर गावागणिक व्हावयास हवीत. दुसरी गोष्ट मुळाची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. लोणारच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातून संशोधकांनी बॅसिलसचे प्रकार वेगळे केले आहेत. धुलाईच्या साबणपाण्यात टिकणारी विकरे अशाच जिवाणूंकडून मिळतात. अशा संग्रहांवरचा आणि स्थळांवरचा खर्च हा खर्च नव्हे, ती गुंतवणूक आहे.

निसर्गाने अगणित प्रकारांचे भांडवल दिले. आपण त्यातील दोन प्रथिनांवर सारा डाव लावला आणि अवघ्या दीड दशकात तो घालविला. बीजाणू अनुकूल काळाची वाट पाहत वर्षानुवर्षे पडून राहू शकतो. कपाशीच्या शेतकऱ्याला ती सोय नाही.