गनिमी कावा, टिकी-टाका आणि पेठेतले फुटबॉल

मंडळी, आजचा धागा लढायांचा नाही, फुटबॉलचा आहे. तरीही त्यात गनिमी कावा येईल, पानिपत येईल आणि महादजी शिंदेही येतील. कारण त्यांना या वादात इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी नव्हे, फुटबॉलच्या चाहत्यांनी ओढून आणले आहे.

वाद सर्वांच्या परिचयाचा आहे. एक पक्ष म्हणतो, चेंडू आपल्याकडे राखावा, आखूड पासांनी प्रतिस्पर्ध्याला दमवावे आणि फट दिसली की घुसावे. दुसरा पक्ष म्हणतो, मागच्या मागे चेंडू घोळवण्यात कसले शहाणपण? दोन-तीन पासांत तो गोलसमोर न्यावा आणि निकाल लावावा. युरोपातील सामने रात्र-रात्र जागून पाहणारी आमची पिढी यावर तावातावाने भांडते. आमच्या विश्रामबागेतही भांडते, जरी सांगली ही विजय हजाऱ्यांची आणि मारुती मान्यांची, म्हणजे क्रिकेटची आणि कुस्तीची. पण येथून पन्नासेक किलोमीटरवर, कोल्हापुरात, हा वाद पडद्यावरचा राहत नाही. तेथे तो पेठेचा होतो.

कोल्हापूरचे फुटबॉल ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तेथील संघांची नावे पाहा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. ज्या संस्थांनी पैलवान घडवले, त्यांनीच फुटबॉलचे संघ उभे केले. संस्थानी काळात राजघराण्याच्या आश्रयाने हा खेळ रुजला, १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, आणि आज शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना असला की गॅलरीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. विश्वचषकाच्या दिवसांत तर पेठा ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यात वाटल्या जातात. अशा गावात खेळाची शैली हा केवळ आवडीचा प्रश्न उरत नाही. तो अस्मितेचा प्रश्न होतो.

आणि येथेच माझा आक्षेप सुरू होतो. अलीकडे चाहत्यांच्या चर्चेत एक विधान वारंवार दिसते: ‘थेट खेळ, झटपट प्रतिआक्रमण हाच आपल्या मातीचा खेळ. गनिमी कावा आपल्या रक्तात आहे. पासांची नाजूक कलाकुसर परक्यांना शोभते.’ विधान ऐकायला झोकदार आहे. इतिहास म्हणून ते चुकीचे आहे, आणि त्याची किंमत दहा-बारा वर्षांची मुले मोजतात.

प्रथम इतिहास. ‘गनीम’ म्हणजे शत्रू. मोगली लेखनात मराठ्यांना हा शब्द लावला जाई; ज्या नावाचा आपण अभिमान बाळगतो, ते मुळात समोरच्या पक्षाने ठेवलेले आहे. ते असो. महत्त्वाचा प्रश्न असा की ही युद्धपद्धती आली कोठून? १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची मोठी फौज अडवली गेली, ती रक्तगुणामुळे नव्हे. खिंड अरुंद होती, जंगल दाट होते, वाटांची माहिती एका पक्षाकडे होती आणि दुसऱ्याकडे नव्हती. सैन्य कमी, साधने कमी, मुलूख डोंगराळ, हेर उत्तम: या साऱ्याचा हिशेब करून घेतलेला तो निर्णय होता.

परिस्थिती बदलली तेव्हा मराठ्यांनी पद्धतही बदलली, निदान बदलण्याचा कसून प्रयत्न केला. पानिपतच्या मोहिमेत अवजड सरंजाम मागे ठेवून हलक्या घोडदळाने लढावे, या मताचे म्हणून मल्हारराव होळकर ओळखले जातात. सदाशिवरावभाऊंचा भरवसा मात्र इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळावर आणि तोफखान्यावर होता. म्हणजे आजच्या चाहत्यांचाच वाद, फक्त पणाला लागलेले वेगळे. पानिपतात पराभव झाला म्हणून कवायती पद्धत ‘आपली नव्हे’ असे ठरवायचे, तर महादजींचे काय करायचे? त्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या करवल्या आणि १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे त्यांच्या बळावर विजय मिळवले. एकाच शतकात, एकाच समाजाने दोन्ही पद्धती वापरल्या. मग रक्तात नेमकी कोणती होती?

आता फुटबॉलकडे वळू, कारण तेथेही हाच प्रकार दिसतो. पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळ स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला. त्या काळी इंग्रज खेळाडू चेंडू पायाशी घेऊन एकट्याने मुसंडी मारीत; पास देणे हे काहीसे कमीपणाचे मानले जाई. स्कॉटलंडचे खेळाडू वजनाने हलके होते. अंगाला अंग भिडवून ते टिकले नसते, म्हणून त्यांनी चेंडू एकमेकांना देत खेळण्याचा मार्ग धरला. सामना ०–० असा बरोबरीत सुटला. ज्याला आपण आज श्रीमंती, नजाकतीचा खेळ समजतो, त्याच्या मुळाशी दुबळ्याने शोधलेली युक्ती आहे. गनिमी काव्याशी तुलनाच करायची तर ती या पासांशी करावी लागेल, आणि त्यात चाहत्यांची सगळी मांडणी उलटी होते!

थेट खेळालाही ‘शास्त्रा’चा आधार मिळाला तो इंग्लंडमध्ये. चार्ल्स रीप हे हवाई दलातील हिशेबनीस. मार्च १९५० मध्ये स्विंडनच्या मैदानावर एक सामना पाहताना त्यांनी प्रत्येक चढाईची नोंद करायला सुरुवात केली आणि पुढे शेकडो सामन्यांची टिपणे केली. १९६८ मध्ये त्यांनी बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह निबंध प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा काढला गेला की सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर होतात. सबब, अधिक पास म्हणजे वेळेचा अपव्यय.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून येथे आपण थांबले पाहिजे. त्याच नोंदींनुसार सामन्यातील ९० टक्क्यांहून अधिक चढायाच मुळी तीन किंवा त्याहून कमी पासांच्या होत्या. एखाद्या गावातील दहापैकी नऊ घरे कौलारू आहेत आणि वादळात पडलेल्या दहा घरांपैकी आठ कौलारू निघाली, तर कौलारू घर अधिक धोक्याचे असे म्हणता येईल का? उलट, ते अधिक सुरक्षितच ठरते. रीप यांचे आकडे खोटे नव्हते. त्यांचा अर्थ उलटा लावला गेला. साधने चोख असूनही निष्कर्ष फसतो तो असा. बखरी वाचताना आपण ही दक्षता घेतो, मग आकडे दिसले की ती का सोडतो, हे मला कळत नाही.

याच काळातील दोन सामने शेजारी ठेवून पाहा. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने वेम्ब्लीवर इंग्लंडला ६–३ असे हरवले. पास आणि जागांची अदलाबदल यांपुढे इंग्रज बचावफळी गोंधळून गेली. वर्षभराने, डिसेंबर १९५४ मध्ये, थेट खेळाबद्दल प्रसिद्ध असलेल्या वुल्व्ह्जने हंगेरीच्या होनवेद संघाला ३–२ असे नमवले. इंग्लंडमध्ये जल्लोष झाला. पण त्या दिवशी वुल्व्ह्जचे व्यवस्थापक स्टॅन कलिस यांनी आधीच ओल्या असलेल्या मैदानावर मुद्दाम पाणी मारून घेतले होते. मध्यंतरापर्यंत होनवेद २–० असा पुढे होता. उत्तरार्धात चिखलात पास अडकू लागले आणि सामना फिरला. कलिस यांना मी दोष देत नाही, उंबरखिंडीची निवडही सोयीच्या जागेचीच होती. परंतु त्या विजयाचे श्रेय इंग्रजी रक्ताला देणे आणि चिखलाला न देणे, हा अन्याय आहे.

आपल्याकडे मैदान आणि डावपेच यांचे नाते समजावून सांगण्याची गरज पडू नये. सांगली-कोल्हापुरातील पोराटोरांनाही माती आणि गादी यांतील फरक ठाऊक असतो. महाराष्ट्र केसरीसाठी दोन्ही विभाग वेगळे खेळवले जातात, ते उगाच नाही. मातीत पाय रुततो, कुस्ती लांबते, दमसास लागतो. गादीवर वेळ आणि गुण यांचे गणित चालते. कवठेपिरानचे मारुती माने मातीत वाढले आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मॅटवर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, तर ग्रीको-रोमनमध्ये, जेथे कमरेखाली पकडताच येत नाही, रौप्य घेऊन आले. त्यांना कोणी म्हणाले नाही की मॅट आपल्या रक्तात नाही.

योगायोग असा की त्याच जकार्तात, त्याच स्पर्धेत, भारताने फुटबॉलचेही सुवर्ण जिंकले. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ‘मैदान’ चित्रपटामुळे त्यांचे नाव आता अनेकांना ठाऊक झाले आहे. त्यांची पद्धत मात्र फारशी चर्चिली जात नाही. पेशाने ते शिक्षक. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र बहुतांशी अनवाणी खेळणाऱ्या भारताला युगोस्लाव्हियाने १०–१ असे चिरडले. तेव्हाही ‘हा खेळ आपल्या प्रकृतीचा नव्हे’ असे म्हणून मोकळे होता आले असते. बूट सक्तीचे झाले, रहीम यांनी आखूड पास आणि नेमून दिलेल्या जागा यांवर संघ बांधला, आणि चार वर्षांनी मेलबर्नमध्ये भारत ऑलिंपिकच्या उपान्त्य फेरीत होता. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४–२ अशा विजयात मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले.

रहीम हे पासांचे पुजारी होते असे समजू नका. जकार्तात जर्नैल सिंग या बचावपटूच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीम यांनी त्याला बसवून ठेवले नाही, उपान्त्य आणि अंतिम सामन्यात थेट आघाडीवर उभे केले. धिप्पाड गडी पुढे, चेंडू त्याच्याकडे: याहून थेट खेळ कोणता? अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध २–१ असा विजय मिळाला, त्यातील एक गोल पी. के. बॅनर्जींचा आणि दुसरा जर्नैलचा. पासांवर संघ उभा करणाऱ्या माणसाने वेळ येताच दुसरे हत्यार उचलले.

थेट खेळाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. चेंडू ताब्यात असणे म्हणजे सामना ताब्यात असणे नव्हे. २०१८ च्या विश्वचषकात स्पेनने रशियाविरुद्ध हजाराहून अधिक पास दिले आणि पेनल्टींवर घरी गेले. २०२२ मध्ये मोरोक्कोसमोर तेच घडले. अशा सामन्यांना कंटाळून प्रेक्षक शिट्ट्या मारू लागला, तर त्याची अभिरुची हीन ठरत नाही.

पण मोरोक्कोचा बचाव पाहून आपल्याकडे जो निष्कर्ष काढला जातो, तो वेगळाच. ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारत आणि कोलंबिया यांचा सामना झाला. त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवरून जीक्सन सिंगने हेडर मारला आणि भारताचा विश्वचषकातील पहिला गोल झाला, बरोबरी झाली. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल करून सामना जिंकला. मुले लढली, यात शंका नाही. पण गोलनंतरची ती पाच मिनिटे चेंडू आपल्या पायांत ठेवून काढायची असतात, आणि ते कसब सतराव्या वर्षी शिबिरात येत नाही. ते दहाव्या वर्षी पेठेतल्या मैदानावर यावे लागते.

म्हणून ‘रक्तात आहे’ हे वाक्य मला घातक वाटते. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले गांधी मैदान घ्या. ते पूर्वी वरुणतीर्थ नावाचे तळे होते. आजही पावसाळ्यात तेथे पाणी साचते आणि तळ्याची आठवण होते. अशा मैदानावर वाढलेला मुलगा उंच, लांब चेंडू मारायला शिकला तर त्याने परिस्थितीला दिलेले ते योग्य उत्तर आहे. परंतु आपण त्यालाच परंपरा म्हणू लागलो की मैदानाचा निचरा, मुलांसाठी प्रशिक्षक, वर्षभर सरावाची जागा, यांपैकी कशाचीच मागणी करण्याची गरज उरत नाही. लांब फटका मोठेपणीही घोटवून घेता येतो. दोघांच्या गराड्यात शांतपणे चेंडू घेणे, मान वर करणे आणि मोकळ्या सोबत्याला तो देणे, हे लहानपणी न शिकलेल्याला पुढे फार जड जाते. तेव्हा लहानांच्या बाबतीत माझे मत सरळ आहे: चौदा वर्षांपर्यंत पासांचा खेळ शिकवा, पुढे संघ पाहून काय खेळायचे ते ठरवा.

रहीम यांनी हैदराबादेत मुलांसाठी ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा घेतल्या होत्या, आणि केवळ दुबळ्या पायाने खेळण्याच्याही. त्याला ना मोठा निधी लागला, ना गवताचे मैदान. कोल्हापुरात तालमी आहेत, चषक देणारी मंडळे आहेत, गॅलरी भरणारी पेठ आहे. हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत बारा वर्षांखालील मुलांची अशी एक स्पर्धा, प्रत्येक तालमीचा एक संघ, चेंडूला सलग तीन स्पर्शांपलीकडे परवानगी नाही, एवढाच नियम. आमच्या सांगलीतून एक संघ आणण्याची जबाबदारी मी आणि माझे मित्र घेऊ. तालमींपैकी कोणी हा धागा वाचत असेल, तर उत्तराची वाट पाहतो.